पाठमोरा

घड्याळजीने पेन्सिलीला टोक काढलं, फुंकर मारली आणि वहीच्या कोऱ्या पानावर तारीख घातली. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. त्याच्या डाव्या हाताला भोंगा म्हणून ओळखला जाणारा मित्र बसला होता. तो गेली तीस वर्षं तिथेच बसत आला होता. उजव्या हाताला सख्खा मोठा भाऊ बसला होता, आणि तो या मैदानात सव्वीस वर्षांनी पाऊल टाकत होता.

"ऊन लागतंय का, दादा?"

"नाही."

"तिकडे वरच्या पायरीवर सावली आहे. जाऊ या का?"

"छोट्या, बसू दे मला."

घड्याळजीने वही मांडीवर घेतली. वय बावन्न, डोळ्यांवर जाड चष्मा, निम्म्या गावाची मनगटं त्याच्या दुकानातून जाऊन आलेली, आणि तरी त्याला छोट्या म्हणणारा एक माणूस अजून होता. काल दुपारी याच माणसाचा फोन आला होता. 'उद्या मीही येतो मैदानावर.' एवढंच बोलून दादाने फोन ठेवला होता. घड्याळजीच्या चिमट्यातला स्क्रू तेव्हा जो उडाला, तो दुकान झाडूनही सापडला नव्हता.

समोर हिरवा संघ पाय मोकळे करत होता. आज नुसती बरोबरी झाली असती तरी पुरे होतं. हरले तर मात्र खालच्या गटात रवानगी. सव्वीस वर्षांपूर्वीही शेवटच्या सामन्यात नेमकं हेच होतं. एक गोल मागे, वेळ संपलेली, फक्त पेनल्टीपुरता खेळ वाढवलेला, आणि ती मारायला उभा राहिला होता दादा. ती गेली. हिरवे खाली गेले ते अकरा वर्षांनी वर आले. दादा त्यानंतर चेंडूला शिवला नाही. पार्सलच्या गोदामात नोकरीला लागला, आणि मैदानाच्या रस्त्याने पाच मिनिटांत घरी पोचता येत असताना पुलाला वळसा घालून जाऊ लागला.

म्हणून आज घड्याळजीला एकच गोष्ट हवी होती. दादाच्या देखत हिरवे वाचले पाहिजेत. एकदा वाचले की त्या जुन्या गोष्टीवर पडदा पडेल, मग दादा पुलाला वळसा घालणार नाही, पुढच्या रविवारी पुन्हा येईल, त्याच्या पुढच्याही. हे तो कुणाला बोलला नव्हता. सकाळचा चहासुद्धा कडू लागला होता.

"पुस्तक छापायला कधी जातंय?" दादाने मैदानाकडे बघतच विचारलं.

"उद्या सकाळी दहाला. तुझ्या लेकीने बघ किती झटपट टाइप केलं. तीनशे पानं, माझं हे असलं अक्षर."

"हं," दादा म्हणाला. त्याने शर्टाचा खिसा एकदा चाचपला आणि हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला.

क्लबला यंदा शंभर वर्षं होत होती, आणि पुस्तक हा त्याचाच इतिहास होता. साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांनी तो काढला, म्हणून समोरचे पाठीराखे अजूनही हिरव्यांना 'फेस' म्हणून चिडवत. कारखाना कधीच बंद पडला, क्लब तेवढा उरला. या शंभर वर्षांत एकच मोठा चषक आला, तोही समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडून त्यांचे आठच खेळाडू वेळेवर पोचले म्हणून. घड्याळजीने हे पुस्तकात जसंच्या तसं लिहिलं होतं. क्लबच्या अध्यक्षांनी तेवढं वाक्य गाळायला सांगितलं, तेव्हा तो मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्यासमोर ठेवून म्हणाला होता, "हे मागे केलं म्हणून वेळ मागे जाते का?" वाक्य राहिलं.

त्याची वही अशी होती. वयाच्या चौदाव्या वर्षापासूनचा एकूण एक सामना त्यात होता. गोल कितव्या मिनिटाला, कुणाच्या पायाने, वारा कुठून. वर्तमानपत्रवाले त्याला विचारून लिहीत, क्लबच्या फळ्यावरची अक्षरं त्याच्या वहीतून उतरवली जात. चहाच्या टपरीवर दोघांत वाद झाला, तर तिसरा म्हणे, घड्याळजीला विचारा. त्याने लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

पहिला अर्धा भाग कोरा गेला. भोंग्याने रेफ्रीच्या डोळ्यांचा, समोरच्या कोचच्या टकलाचा आणि आपल्याच गोलकीपरच्या चालण्याचा यथास्थित समाचार घेतला. भोंगा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. दिवसभर यंत्रांच्या आवाजावर बोलून बोलून त्याला हळू बोलता येतच नसे. मध्यंतरात त्याने दादाच्या पाठीवर थाप मारली.

"आलात ते बरं केलंत. झालं गेलं विसरायचं. अहो, तेव्हाची हवाच खराब होती."

"हवा चांगली होती," दादा म्हणाला.

भोंगा दाणे खाऊ लागला. घड्याळजीने वहीत डोकं घातलं.

दादाचं नाव मात्र त्याने त्या जुन्या सामन्याच्या पानावर लिहिलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी वहीत फक्त एवढं लिहिलं होतं: 'पेनल्टी घालवली. चेंडू खांबाबाहेर.' पुस्तकातही तेच ठेवलं. आपण भावाला सांभाळून घेतलं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटत होतं.

एकाहत्तराव्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला. साधा, घरगुती गोल. हिरव्यांचे दोन बचावपटू एकमेकांकडे बघत राहिले आणि चेंडू मधून गेला. घड्याळजीने आकडा लिहिला तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने दादाकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर दिसलं असतं, की दादा पुढे सरकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसला आहे. खेळायच्या दिवसांत तो बाकावर असाच बसायचा.

"जाऊ या का, दादा?" ऐंशीव्या मिनिटाला घड्याळजीने हळूच विचारलं. "गर्दी व्हायच्या आत."

"तू कधी मधूनच गेला आहेस?"

"नाही."

"मग?"

एकोणनव्वदाव्या मिनिटाला हिरव्यांचा पोरसवदा विंगर आत घुसला आणि कुणीतरी त्याचा पाय ओढला. रेफ्रीने शिट्टी मारली. त्याचा हात ठिपक्याकडे गेला आणि अख्खी गॅलरी उभी राहिली. पेनल्टी याच बाजूच्या, अगदी समोरच्या गोलवर होती. सव्वीस वर्षांपूर्वी होती त्याच गोलवर.

घड्याळजी उठला. वही काखेत धरली आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहिला.

"हे काय?" दादा म्हणाला.

"अहो, फिरू द्या त्यांना," भोंगा ओरडला. "पेनल्टी ते कधी बघत नाहीत. तीस वर्षांत एकदाही नाही. मी बघतो आणि सांगतो, ते लिहितात. ठरलेलं आहे आमचं."

घड्याळजीचे कान तापले. ही गोष्ट लाजेची आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. दहा वर्षांचा असताना त्याच्यासमोर हिरव्यांनी एक पेनल्टी दवडली आणि बाबा चेष्टेने म्हणाले, तू डोळे वटारून बघितलंस म्हणून गेली. बाबा विसरले. तो विसरला नाही. दादाला हे कळण्याचा प्रश्नच नव्हता. तो कायम मैदानात असायचा. भावाशेजारी बसून त्याने इथे एकही सामना पाहिला नव्हता.

"कधीच नाही?" दादाने विचारलं.

"नाही."

"माझीही नाही?"

घड्याळजीने काखेतली वही दोन्ही हातांत घेतली. समोर पायऱ्यांवर शेकडो चेहरे होते, सगळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. त्यांच्यात फक्त दादा त्याच्याकडे बघत होता. दादाने खिशातला कागद काढून उलगडला. पुस्तकाचं एक पान होतं. एका ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती.

"मी हे विचारायला आलो होतो," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्या गोलकीपरची बोटं लागली होती. मला आवाज आला होता. बोटं लागली, मग चेंडू खांबाला घासून बाहेर गेला. घरी आलो, तर तुझ्या वहीत घालवली. दुसऱ्या दिवशी पेपरात घालवली. म्हटलं, छोट्या खोटं लिहायचा नाही. त्याने बघून लिहिलंय. मग मलाच भास झाला असेल."

"दादा..."

"सव्वीस वर्षं मला वाटतंय की मला भास झाला."

भोंगा ओरडला, "ठेवला, ठेवला चेंडू ठिपक्यावर."

गॅलरी गप्प झाली. वहीत साठएक पेनल्ट्या होत्या आणि त्यातली एकही त्याने पाहिली नव्हती. त्या सगळ्या दुसऱ्यांच्या, बहुतेक भोंग्याच्या, आवाजात होत्या. त्याला ती जुनी दुपार आठवली: असंच मैदानाकडे पाठ करून उभं राहणं, मागून आलेला तो मोठा सुस्कारा, आणि भोंगा डोक्याला हात लावून म्हणतोय, घालवली हो, बाहेर गेली. त्याने लिहून टाकलं होतं. भावाचा प्रश्न होता, तरी दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. भावालाही नाही.

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. आणि तो फिरला.

"अहो, हे काय करताय," भोंगा कळवळला. "आजच कशाला?"

विंगर चार पावलं मागे गेला होता. एवढासा दिसत होता. आपण बघतोय म्हणून ही जाणार, हे बेचाळीस वर्षांचं भूत घड्याळजीच्या मानेवर बसलं होतं. त्याने डोळे मिटले नाहीत. दादाने कधी त्याचं मनगट धरलं ते दोघांनाही कळलं नाही.

शिट्टी. पोरगा धावला. चेंडू खाली, उजव्या कोपऱ्यात निघाला, जोरात आणि नेमका. गोलकीपर आडवा झाला. त्याच्या हातमोज्याची टोकं चेंडूला लागली, अगदी जेमतेम. चेंडू तेवढाच वळला, खांबावर आदळला आणि परत आला. कुणीतरी तो लाथेने दूर उडवला.

गॅलरीतून सुस्कारा आला. अगदी तोच, तसाच.

"घालवली," भोंगा डोक्याला हात लावून मटकन बसला. "खांबावर मारली गाढवाने. एवढा मोठा गोल आणि सापडला कोण, तर खांब."

"नाही," घड्याळजी म्हणाला.

"काय नाही?"

"त्याने घालवली नाही. गोलकीपरने अडवली. आधी बोटं लागली."

"कसली बोटं? तीस वर्षं मी बघतोय..."

"मी पाहिली," घड्याळजी म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की पुढच्या दोन ओळी वळून बघू लागल्या.

चार मिनिटांनी सामना संपला. हिरवे खालच्या गटात गेले. ठिपक्यापाशी विंगर गुडघ्यांवर बसला होता आणि गॅलरीतून त्याला जे जे ऐकवलं जात होतं, ते ऐकून घेत होता. दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग कठड्यापाशी गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "चांगली मारलीस रे पोरा." पोराला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. त्याने मान वर केली खरी.

लोक निघून गेले. भोंगाही गेला, जाताना निरोप घ्यायचं विसरला. माळी जाळी सोडवू लागला. घड्याळजी पायरीवर बसून होता, मांडीवर वही, वहीवर ते पुस्तकाचं पान. त्याने आजची ओळ आधी लिहिली. मग पुस्तकाच्या पानावरची रेघ मारलेली ओळ सरळ खोडली. समासात जागा थोडीच होती.

त्याला माफी मागायची होती. जुळवाजुळव करून पाहिली, पण एकही वाक्य धड उभं राहीना. दादा येऊन शेजारी बसला.

"दादा."

"हं."

"कुठल्या बाजूला मारली होतीस?"

हा प्रश्न सव्वीस वर्षांत कुणीच विचारला नव्हता. घरच्यांनी दादाला दुखेल म्हणून, बाहेरच्यांनी उत्तर वहीत आहे म्हणून. दादाने घसा खाकरला. समोरच्या रिकाम्या गोलकडे बोट केलं.

"डावीकडे. खाली. खांबापासून वीतभर आत." मग म्हणाला, "चांगली मारली होती, छोट्या."

"हळू सांग," घड्याळजी म्हणाला. "लिहून घेतोय."