भरलेल्या चौकटी

खोडरबराचा कोपरा कुरतडलेला होता — दात येणाऱ्या पिल्लूने तुकडा गिळला तर नसेल? — तिने तो उजेडात फिरवून पाहिला, आणि पाहता पाहता काकांचं बोलणं कानात वाजलं: "एखाद्या रविवारी माझा फोन आला नाही ना पोरी, तर कोडं बिनचूक होतं म्हणून खूश होऊ नकोस."

तेव्हा ती हसली होती. "काहीतरीच काय काका! तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून जाल."

काका नात्याचे कुणी नव्हेत. रविवारच्या पुरवणीत तिचं शब्दकोडं येतं, ते सोडवणारे एकटे म्हातारे गृहस्थ. दर रविवारी चहा निवायच्या आत फोन — "आडवा सात बघ. हा शब्द माणसं बोलतात, की तू एकटीच?" ती फणकारायची, मग आठवडाभर नवं कोडं रचताना प्रत्येक शब्द काकांच्या आवाजात खाकरून बघायची.

आणि आजचं कोडं... परवा पिल्लू तापाने फणफणलेलं असताना, त्याला मांडीवर थोपटत एका हाताने तिने ते पाठवलं होतं. कोरी चौकट राहिली घरी, उत्तरांनी भरलेली गेली, आणि तीच छापून आली! सकाळीच संपादकांचा फोन: "मॅडम, वाचकांनी आता करायचं काय? अक्षरं गिरवायची?" परगावी गेलेला नवरा तर फिदीफिदी हसला, "बरंय की, सगळ्यांचं सुटलं." याला काय कळणार — एवढं शिकून, दुधाच्या बाटल्या उकळता उकळता तिची स्वतःची म्हणून जी जागा उरली होती, ती त्या काळ्या-पांढऱ्या घरांतच होती. कोडं बंद केलं तर?

काकांचा फोन आला नाही तेव्हा आधी हायसंच वाटलं. एक बोलणं तरी चुकलं. मग तिने सबबी जुळवल्या, मोडल्या, पुन्हा जुळवल्या — आणि ऐकायला कुणी नाही. दुपारी तिनेच फोन लावला. वाजत राहिला. झोपले असतील... रागावले असतील... पण एका वेलांटीसाठी आठवडाभर भांडणारा माणूस, अख्खं कोडं उघडं पडलेलं पाहून गप्प बसेल?

म्हणजे त्यांनी ते पाहिलेलंच नाही.

पिल्लूच्या कपाळावरची पट्टी तिने बदलली. बंद व्हायचं तर होऊ दे कोडं, असं ती चक्क मोठ्याने म्हणाली, आणि म्हटल्यावर काहीच वाटलं नाही, याचीच तिला भीती वाटली. काकांनी फक्त ओरडावं — तिच्यावर, माझ्यावर, हो, माझ्यावरच — घसा बसेपर्यंत ओरडावं. पण या तापल्या पोराला घेऊन मी निघू कशी? तुम्ही पाण्याच्या टाकीकडून जाणार असाल, तर टाकीसमोरची इमारत, तिसरा मजला, जिन्याला लागून काकांचं दार. बेल वाजवा. वाजवत राहा. आणि आजचा पेपर अजून बाहेरच पडलाय का, तेवढं मला सांगा.