पाटलावरचा आळ

वाळलेल्या गिलक्याची जाळी, अंग घासायची.

कपाशीवर तिसरी फवारणी. बोंडं धरली होती.

दाराआडच्या खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, अजून न फोडलेली.

मेलेला झिंगा उकडल्यासारखा दिसतो.

पाटलाला मिशा आहेत.

वंदनाने चहाची मोठी गाळणी पाण्यात बुडवली आणि पाटलाला काचेच्या कोपऱ्यात गाठलं. पाटील म्हणजे टाकीतला निळा गुरामी मासा. पोटाखालून पुढे आलेल्या दोन लांब, मिशांसारख्या दोऱ्यांनी तो समोर येईल ते चाचपायचा, म्हणून ते नाव. शेजारचा शेषराव बादली धरून उभा होता. टाकी मूळची त्याच्याच मोबाइलच्या दुकानातली.

"वहिनी, मी पयलेच म्हनलं होतं. मोठ्या मासोळीसंगं झिंगे नाही नांदत."

"धरा नीट बादली."

"हे तिसरी खेप हाय झिंग्याची," खाटेवरून सासरे हिंमतराव म्हणाले. "खामगाववरून आनाचे अन् याले चाराचे. त्यापरीस चटनी केली असती तं भाकरीसंगं गेली तरी असती."

"होईल मामाजी, टिकतील."

"याही खेपेले मेले तं टाकी शेषरावच्या दुकानात. आपलं ठरलं हाय."

ठरलं होतं खरं. वंदनाने गाळणी उचलली.

तेवढ्यात वंदनाचा नवरा गजेंद्र शेतातून आला. फवारणीचा पंप त्याने बैठकीच्या कोपऱ्यात टेकवला, न्हाणीत हातांवर दोन तांबे पाणी घेतलं आणि तसाच ओल्या हाताने टाकीपाशी आला.

"थांब वो जरा. जाऊन राह्यला बिचारा, राम राम तं करू दे."

त्याने बोट पाण्यात घातलं. रोजच घालायचा. वंदनाने पुन्हा बुडवलेल्या गाळणीतून सुटलेला पाटील वर आला आणि आपल्या मिशा त्या बोटावरून फिरवू लागला. नखापासून पेरापर्यंत, मग पुन्हा नखाकडे. गजेंद्र डोळे बारीक करून हसत राहिला. मग वंदनाने पाटलाला उचलून बादलीत सोडलं आणि शेषराव बादली घेऊन दुकानाकडे गेला.

सकाळी टाकीत पाटील नव्हता. तिसऱ्या खेपेचे लाल झिंगे तळाच्या वाळूवर आडवे पडले होते. सगळे. अख्खे. छोटे गप्पी मासे मात्र वरती नेहमीसारखे फिरत होते.

हिंमतराव चष्मा लावून वाकले.

"आता कोनं खाल्ले वो?"

"खाल्ले कुठी, मामाजी? पाय अन् पाय जागेवर हाय."

"मंग मेले काऊन?"

 वंदनाने एक झिंगा तळहातावर घेतला. केसासारखे पाय पोटाशी दुमडलेले होते, मिशा मागे पडल्या होत्या.

"कशाले एवढी तोंड पाडून बसली?" हिंमतराव सरळ होत म्हणाले. "मासोळी असती तं गोष्ट वेगळी. हा तं किडाच हाय पोरी. पानी पेनारा किडा."

वंदनाने मान वर केली. कोपऱ्यात फवारणीचा पंप उभा होता. त्याच्या तोंडाशी औषधाचा पांढरा ओघळ वाळला होता. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग तिने तो झिंगा अलगद फळीवर ठेवला आणि साबणाने हात धुतला.

गजेंद्र जेवायला बसला होता. तिने भाकरी वाढली.

"काल बोट घातलं होतं तुम्ही पान्यात."

"हाव. रोजच घालतो."

"पयल्या खेपेले मेले, तवा फवारा मारून आले होते तुम्ही. दुसऱ्या खेपेलेही."

"हात धुतले होते ना वो."

"कशानं?"

"पान्यानं." तो हसला. "अन् मासे तं जितेच हायेत. औषध असतं तं तेही मेले असते."

"औषध किड्याचं हाय," वंदना म्हणाली. "मासे किडे नाहीत."

खाटेवर हिंमतरावांची सुपारी कातरायची थांबली.

गजेंद्रने हातातला घास पाहिला. मग हात पाहिला. फवारणीनंतर रात्री डोकं धरून बसायचा, तेव्हा तो उन्हाला शिव्या द्यायचा. त्याने घास ताटात ठेवला, उठला आणि न्हाणीत गेला. साबणाची वडी हातातून निसटून दोनदा फरशीवर आपटल्याचा आवाज आला. पाणी पडत राहिलं.

टाकीचं पाणी बदललं. वाळू उन्हात तापवली. वंदनाने वाळल्या गिलक्याची जाळी धुऊन, दगड बांधून तळाशी सोडली. वर लुगड्याच्या काठाने बांधलेलं झाकण. पंप गोठ्यात गेला. टाकीला शेवटची संधी मिळाली, कारण हिंमतरावांना आता उत्तर हवं होतं.

आणि शेषरावच्या दुकानातून, त्याच बादलीत बसून, पाटील परत आला.

"वहिनी, पाटील अन् नवे झिंगे एकाच टाकीत? लई हिंमत हाय तुमची."

"पाटलावर आळ होता. उतरवा लागते."

नव्या झिंग्यांनी पहिले काही दिवस तोंड दाखवलं नाही. मग एकीच्या पोटाखाली पिवळ्या अंड्यांचा घोस दिसला. मग बरेच दिवस काहीच नाही.

ज्वारीच्या कणसांत दूध भरलं होतं तेव्हाची सकाळ. हिंमतराव चष्मा काचेला टेकवून बसले होते आणि एकदम ओरडले,

"वंदना! अवो वंदना! गिलक्यात पाह्य!"

जाळीच्या प्रत्येक भोकात काहीतरी हलत होतं. पापणीच्या केसाएवढं, पारदर्शक, पण हुबेहूब झिंगा. एक, मग चार, मग नजर ठरेना. पाटील वरून संथ गेला. त्याच्या मिशा जाळीवर फिरल्या, आत शिरल्या नाहीत. आतले आत चरत राहिले.

हिंमतराव अनवाणीच दारात गेले.

"शेषराव! ये बे इकडं! अन् येताना तुह्या टाकीची आशा तिकडंच ठेवून ये!"

शेजारपाजार बैठकीत मावेना. हिंमतराव एकेकाची मान धरून काचेपाशी वाकवत होते. "चटनी म्हनत होते ना लोक? पाह्य आता चटनी!" वंदना पदर तोंडाशी धरून हसत होती.

गर्दी पांगली. गजेंद्र गोठ्यातून पंप घेऊन निघाला होता, उंबऱ्याशी थबकला.

"ऐक वो. ते मोजे कुठी हायेत?"

वंदनाने टाकीवरचं झाकण सारखं केलं. मागे न वळता तिने दाराआडच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला.

ते हातमोजे तिने आणले होते, तेव्हा टाकी अजून घरात यायची होती.