देवाने निवडलेली नर्सबाई

त्या रविवारी आमच्या नाइतोरो गावात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या बेटांवरून होड्या भरभरून माणसं आली होती. ‘नवा उजेड’ पंथाच्या मांडवात चटयांवर मांडीला मांडी लावून बसली होती, बायका मागे ताडाच्या पंख्यांनी वारा घेत होत्या, आणि सगळ्यांचे डोळे लागले होते संदेष्टा जोएलीच्या वाटेकडे. आज तो देवाची खूण दाखवणार होता. आणि ती कोणाच्या हातावर, तर चक्क कामगार पक्षाच्या ओसेआसाहेबांच्या.

चमत्कार काय होता तेही सांगते. मांडवाच्या दारात जोएली प्रत्येकाच्या तळव्यांना ओली हळद फासायचा, म्हणजे शुद्धी. मग प्रार्थना, मग यांगोना. मुळी कुटून पाण्यात कालवलेलं हे मातकट पेय प्याल्याशिवाय फिजीत कुठलं लग्न जमत नाही की भांडण मिटत नाही. करवंटी दोन्ही हातांत धरायची, एका दमात रिकामी करायची, परत द्यायची आणि पोकळ टाळ्या वाजवायच्या. टाळ्या संपल्या की तळवे उघडायचे. देवाने ज्याला निवडलं त्याचे तळवे लालभडक. बाकी सगळ्यांचे पिवळेच.

मी इथली नर्स. बिंदमती माझं नाव, माहेर लंबासा शहरातलं. पण या गावात इतकी वर्षं काढलीत की अर्धं गाव माझ्याच हातावर जन्मलंय. जोएलीचे चमत्कार ऐकून मी आधी हसले, मग दुर्लक्ष केलं. पण तोरिकाचे हात पिवळेच राहिले आणि माझं डोकं फिरलं.

तोरिका पहिलटकरीण. पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला, रोज गोळी हवी. जोएलीने भरसभेत तिला सुनावलं होतं, की जिचा भरवसा दवाखान्याच्या गोळ्यांवर, तिच्याकडे देव कशाला बघेल? झालं. बाईने गोळ्या बंद केल्या. माझ्या दारावरून जाताना मान फिरवून जायला लागली. मी घरी गेले तर तिच्या सासूने उंबऱ्यातूनच वाटेला लावलं.

त्यात जोएलीला हवी होती दवाखान्याची इमारत. गावात तेवढीच पक्की. तिथे त्याचं प्रार्थनाघर होणार आणि दवाखाना जाणार खाडीपलीकडे. समुद्र खवळला की होडी निघत नाही, आणि बाळंतीण काही समुद्राला विचारून अडत नाही. निर्णय होता आमचे खासदार असलेल्या ओसेआसाहेबांच्या हातात, आणि निवडणूक तोंडावर आल्याने साहेबांना हवी होती जोएलीच्या भक्तांची मतं.

हेच ओसेआ एकेकाळी साखर कारखान्याच्या फाटकावर उभे राहून म्हणायचे, की देव गरिबाला उपाशी झोपवतो आणि वर गाणं म्हणायला लावतो. आज गळ्यात फुलांचा हार घालून ते जोएलीशेजारी बसले होते, आणि दारातली हळद लावून घेऊन मीही समोरच बसले होते. भजन येत नव्हतं, नुसते ओठ हलवत होते. त्यांच्या येण्याला माझा विरोध नव्हता हो. पुढाऱ्याने देवळात जावं, मशिदीत जावं, आपले विचार ज्यांना पटत नाहीत त्यांच्याही चटईवर बसावं. कामच आहे ते त्याचं. पण तिथे बसून आपलं खरं मत सांगावं आणि त्यांचं खरं दुखणं ऐकावं. त्यांचं खूळ डोक्यावर घेऊन नाचायचं, याला मी जवळीक म्हणत नाही.

जोएली उभा राहिला. देवाने काल रात्री त्याच्या कानात सांगितलं होतं म्हणे, की नास्तिकांच्या घरातून मी माझा सेवक उचलीन. देवाचे निरोप याला नेमके सभेच्या आदल्या दिवशी यायचे. मग त्याने लाकडी परातीतून यांगोना भरला, करवंटी शुभ्र रुमालावर ठेवली आणि झुलत झुलत ओसेआसाहेबांपुढे नेऊन धरली.

साहेबांनी हात पुढे केले, आणि तेवढ्यात त्यांना समोर रोखलेले मोबाइल दिसले. कारखान्यातली जुनी सवय उसळून आली.

"थांबा," ते म्हणाले. "मी कामगारांचा माणूस. या गावात सगळ्यात जास्त राबतं कोण? नर्सबाई. पहिली करवंटी त्यांची."

जोएलीचा चेहरा पडला. "साहेब, ही तुमच्यासाठीच भरलीय."

"मग माझा मान मी त्यांना देतो."

पाहुण्याने दिलेला मान नाकारायचा नाही आणि चारचौघांत उचललेली करवंटी परत परातीत ओतायची नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. जोएली काय करणार? आला माझ्यासमोर. मी करवंटी दोन्ही हातांनी घेतली. बाहेरून ती ओली आणि चिकट लागली, बोटांना किंचित चुरचुरलं. प्याले, परत दिली, टाळ्या वाजवल्या, तळवे उघडले.

लालभडक.

मांडवात खळबळ उडाली. मग कोणीतरी हुंदका दिला, कोणीतरी भजन धरलं. तोरिकाची सासू, मला उंबऱ्यातून हाकलणारी, गुडघ्यांवर बसून माझ्याकडे सरकायला लागली.  गावात जोएलीला उघड भोंदू म्हणणारी बाई एकच, आणि देवाने नेमकं तिलाच निवडलं होतं.

खोटं का बोलू, मोह झाला. नुसतं म्हणायचं होतं, देवाची आज्ञा आहे, दवाखाना इथेच राहील आणि उद्यापासून सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या. एकानेही हूं की चूं केलं नसतं. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात मागच्या रांगेत तोरिका दिसली. स्वतःच्या पिवळ्या तळव्यांकडे बघत ती मुकाट रडत होती. माझे हात जितके लाल, तितकी ती पापी ठरत होती. माझा जीव तुटला.

मी उठले आणि म्हटलं, "मला कपड्यांच्या साबणाची वडी द्या कोणीतरी. आणि एक लिंबू."

देवाने निवडलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? दोन्ही वस्तू धावत आल्या. मी तोरिकाजवळ जाऊन बसले, तिचे तळवे ओले केले आणि साबण चोळला. पिवळी हळद बघता बघता लाल झाली.

"नर्सबाई, देवाने मलाही निवडलं?" तिने घाबरत विचारलं.

"नाही ग राणी. साबणाने निवडलं. रश्श्याचा डाग पडलेला कपडा तू कधी धुतला नाहीस का?"

ती रडता रडता हसली. मग काय विचारता! साबण हातोहात फिरला. बायकांचे हात लाल, पुरुषांचे लाल, जुन्या चर्चचे म्हातारे पाद्री आले होते, त्यांचेही लाल. ते तर पोट धरधरून हसत होते. मग मी माझ्या तळव्यांवर लिंबू पिळलं. लाली गेली, तळवे पुन्हा पिवळे.

आता करवंटी. जोएली ती रुमालात गुंडाळत होता, गावप्रमुखांनी काढून घेतली. बाहेरच्या बाजूला पातळ चुना फासलेला होता, समुद्रातलं प्रवाळ भाजून करतात तो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, साबणानेही तेच. म्हणून दारात हळद सगळ्यांना, आणि चुन्याची करवंटी जोएलीला हव्या त्या एकालाच. त्याचे स्वतःचे हात लाल होऊ नयेत म्हणून तो रुमाल. शेकडो डोळ्यांनी हे पाहिलं होतं, पण पेय करवंटीच्या आत असतं, बाहेरून कोण बघतो?

जोएलीने शेवटचा प्रयत्न केला. "देव चुन्यातूनही काम करतो."

"मग साबणातूनही करत असेल," पाद्री म्हणाले. "आज त्याने सगळं गाव निवडलं. आता तुझी गरज काय?"

ओसेआसाहेब स्वतःचे तळवे न्याहाळत बसले होते. मी सरळ त्यांच्यासमोर गेले.

"साहेब, दवाखान्याचं काय?"

त्यांनी गळ्यातला हार काढून चटईवर ठेवला. "दवाखाना हलणार नाही," ते म्हणाले. मग लोकांकडे वळले. "माझा देवावर विश्वास नाही. तुमचा आहे. हे आल्या आल्याच सांगायला हवं होतं, पण मतं जातील म्हणून घाबरलो. तरीही मी तुमच्यात बसून प्यालो तर चालेल का?"

गावप्रमुखांनी परातीकडे बोट दाखवलं. "करवंटी बदला," ते म्हणाले, आणि मांडव हसून हसून लोळला.

जोएली त्या हशातच होडीत बसून पसार झाला. लोकांची श्रद्धा काही त्याच्याबरोबर गेली नाही. पुढच्या रविवारी जुनं चर्च तुडुंब भरलं, आणि माझी त्याबद्दल काडीची तक्रार नाही. देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मागणं एवढंच, की कोणी चमत्कार दाखवला तर लगेच हात जोडू नका. आधी वस्तू हातात मागा, उलटीसुलटी करून बघा, घरी जाऊन स्वतः करून बघा. खऱ्या गोष्टीचं त्याने काही बिघडत नाही. आणि जो बघू देत नाही, त्याच्या हाती आपली मतं देऊ नका आणि लेकीसुनाही देऊ नका.

सोमवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडलं तर पायरीवर तोरिका बसली होती. हातावरची हळद अजून गेली नव्हती. आत आली, बाही वर सारली आणि म्हणाली, "नर्सबाई, दाब बघा. आणि आकडा मला पण दाखवा, मी स्वतः वाचणार आहे."