एक उठला की दुसरा पडतो

मी एक जुना बाक आहे आणि जन्मापासूनच थोडा खोडकर. मित्रांनो, त्यात माझा दोष नाही. सुताराने माझे पाय टोकांना बसवायचे सोडून मध्याकडे जवळजवळ बसवले. त्यामुळे दोन्ही टोकांना दोघे बसले की मी शहाण्यासारखा उभा राहतो; पण एक जण झटकन उठला की मी कलंडतो आणि दुसरा धाडकन जमिनीवर.

मला विकत घेतले ते दोन वकील भावांनी. पहिल्याच दिवशी थोरला उठला आणि धाकटा पडला.

"सुताराला बोलाव परत," थोरला म्हणाला.

धाकटा पाठ चोळत हसला. "नको दादा. भांडणारी माणसं यावरच बसवू."

आणि तसेच झाले. भिंतीवरून भांडणारे शेजारी, बोलणे टाकलेल्या जावा, सगळे माझ्यावर. कुणी तावातावाने उठू लागले की धाकटे वकील म्हणत, "सावकाश. उठायचं तर दोघांनी मिळून." मिळून उठायचे तर एकमेकांकडे बघावे लागते. तिथेच निम्मा राग उतरायचा. किती जण कोर्टाची पायरी न चढताच घरी गेले!

मग लोकांनी धाकट्या वकिलांना निवडणुकीला उभे केले. दादांना ते मुळीच पटले नाही.

"कोर्टात खोटं बोललास तर समोरचा वकील पकडतो. तिकडे टाळ्या वाजवतात," ते म्हणाले.

"तुला माझं चांगलं बघवत नाही," धाकटे ताडकन बोलून गेले.

दोघेही तेव्हा उभे होते. माझ्यावर बसले असते तर! त्या दिवसापासून दादांनी अबोला धरला.

धाकटे निवडून आले, प्रांताचे मंत्री झाले. मऊ खुर्च्यांच्या दालनात त्यांनी मलाही नेले. गिरणीचे मालक आणि कामगारांचा पुढारी माझ्यावर बसले. नदीच्या पाण्यावरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन शहरांचे प्रमुखही बसले आणि समेट करूनच उठले. वर्तमानपत्रांनी साहेबांना डोक्यावर घेतले. पण दिव्याखाली अंधार. कधीकधी साहेब माझ्यावर मधोमध एकटेच बसत आणि हळूच म्हणत, "दादा..." पुढचा शब्द काही सुचत नसे. मला फार वाईट वाटे.

पुढे ते निवडणूक हरले. हारतुरे आणणारे पांगले आणि आम्ही दोघे जुन्या ऑफिसात परतलो. तिथे बसायला माझ्याशिवाय काहीच उरले नव्हते.

एका सकाळी काठी टेकत दादा आले. "माझं पुस्तकांचं कपाट न्यायला आलोय," म्हणाले आणि दम लागल्याने माझ्या एका टोकाला टेकू लागले. त्याच क्षणी साहेब दुसऱ्या टोकाला बसले. दम ओसरल्यावर दादांनी काठी उचलली, आणि ते थबकले.

"मी उठलो तर तू पडशील."

"पडेन."

"एकदा पडलासच की नुकता. लागलं का फार?"

साहेबांचे डोळे भरून आले. "लागलं रे दादा. तेव्हा तुला नको ते बोललो, ते जास्त लागलं."

दादांनी हात पुढे केला. "चल. मिळून उठू."

कपाट अजून तिथेच आहे.

आता माझा रंग उडाला आहे. मित्रांनो, मला पुसा, हवे तर रंगही द्या, पण माझे पाय तेवढे नीट करू नका. आणि रागाने कुठूनही उठण्याआधी दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, ते एकदा बघा.