भिंतीमागची मुंगी

चष्मेवाल्याने टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरची पिन काढायला हात घातला, तसा आईने चपलेच्या टोकाने तो हात बाजूला सारला.

“हात काढ तिथून. सात माणसं दारात उभी आहेत माझ्यासाठी.”

त्याने टेबलाखालूनच मान वळवून पाहिलं. खोलीचं दार बंद होतं. दाराशी त्याने मघाशी भरून ठेवलेली आईची बॅग होती, बाकी कुणी नव्हतं.

“कुठल्या दारात?”

“या.” आईने डाव्या हाताने पडद्याकडे बोट दाखवलं. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये होता, नुसती बोटं बाहेर. चार दिवसांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरून पडली होती. एकटीच दवाखान्यात गेली, प्लास्टर घालून घरी आली आणि घरच्या कुणाला चकार शब्दाने कळवलं नाही. आज सकाळी दार उघडलं तेव्हा चष्मेवाल्याला तो हात पहिल्यांदा दिसला. त्यानंतर दोन तास तो एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होता, की आता एकटीने राहणं बास, माझ्याकडे चल. आई दर वेळी नाही म्हणत होती. शेवटी त्याने विचारायचं सोडून सामान बांधायलाच घेतलं होतं.

नाही का म्हणते, हे त्याला ठाऊक होतं. घरी त्याची बायको होती, आणि आई आणि बायको तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भांडण तसं अर्ध्या दिवसाचं. आई त्यांच्याकडे राहायला आली असताना तिने माळा आवरला आणि एक जुनी लाकडी पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. ती बायकोच्या वडिलांची होती. ते घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांची सगळी हत्यारं तिच्यात होती, आणि त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. बायकोने विचारलं तेव्हा आई म्हणाली, माणूसच गेलं, आता ते गंजकं सामान ठेवून काय करायचंय. बायको उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी आई आपल्या घरी परतली. तेव्हापासून दोघींमधला टपाल्या म्हणजे चष्मेवाला. तिला सांग, त्यांना विचार, असं करत तीन वर्षं त्याने इकडचं तिकडे पोचवलं होतं आणि वाटेत निम्मं गाळलं होतं. म्हणून तर आज सकाळी चहा ओतता ओतता बायको म्हणाली, “तिकडे एकदा जाऊन बघून ये. मला काही ठीक वाटत नाही,” तेव्हा तो कप हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला होता.

“हा एक दरवाजा होऊ दे,” आई म्हणाली. “मग बोलू. बस तिथे, आणि मध्ये बोलू नकोस.”

तो स्टूल ओढून बसला. आई वेळ घालवायला पत्ते वगैरे खेळत असेल, अशी त्याची समजूत होती. पडद्यावर एका दगडी वेशीपुढे सातजण खरंच ताटकळत उभे होते. आईचं चिलखत घातलेलं धिप्पाड सोंग त्यांच्यात जाऊन उभं राहिलं, त्याच्या डोक्यावर ‘भिंत’ असं नाव होतं. खाली भराभर ओळी उमटल्या. आली, आली. भिंत आली. चला.

“ही तू?”

“मग काय शेजारीण?”

“आणि हे सगळे?”

“हा भाजीबाजारात हमाली करतो. ही दोघं शिकतात. तो दाढीवाला बोटीवर असतो, कुठल्या समुद्रात कोण जाणे.” निवृत्तीआधी आई बस डेपोत नियंत्रक होती. कुठली गाडी कधी हलणार हे भोंग्यावरून सांगण्यात तिचा जन्म गेला होता. आता ती डाव्या हाताने माउस फिरवत, प्लास्टरबाहेरच्या बोटांनी बटणं दाबत त्याच चालीत सातजणांना जागा लावून देत होती. “मी पुढे राहून मार खायचा. बाकीच्यांनी मारायचं. आणि ही मागची बारकी आहे ना, मुंगी, हिने मला मरू द्यायचं नाही. उजवा हात मोडलाय म्हणून सांगितलंय सगळ्यांना, सांभाळून घेतात. एवढाच खेळ.”

“यात एवढं काय आहे गं? तासन्‌तास?”

आईने जरा विचार केला.

“इथे सगळे पहिल्या पायरीपासून सुरू करतात. मागचं काही कुणाच्या पाठीवर नसतं. मी आज काय केलं, एवढंच बघतात.” मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “आणि इथे पडलं की कुणीतरी येऊन उठवतं.”

चष्मेवाल्याला ते लागलं.

वेस उघडली. भिंत पुढे, बाकीचे मागोमाग आत शिरले. शेवटची मुंगी. सगळे धावत सुटले तशी ती मात्र मागे वळली, दाराशी गेली आणि दार लोटलं. चार पावलं पुढे आली. पुन्हा वळली, पुन्हा जाऊन दार ओढून पाहिलं.

चष्मेवाला हसला. “हिला काय झालं?”

“सवय आहे तिची. दार लावल्याशिवाय पुढे येत नाही. आम्ही थांबतो.”

हसू त्याच्या तोंडावरच विरलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून परत वर जाऊन कुलूप ओढून बघणारं एक माणूस त्याच्या घरी होतं. बाहेर पडताना रोज. लग्न झाल्यापासून गाडीची किल्ली बोटात फिरवत तो खाली तिची वाट बघत आला होता. पण अशी माणसं जगात पुष्कळ असतील, असं त्याने स्वतःला समजावलं. तरी हात खिशात गेलाच. बायको दुपारची मागच्या खोलीत लॅपटॉपवर भाषांतराचं काम करत बसते, दार लोटून, कानात इअरफोन घालून. आत्ता ती तेच करत असणार.

पडद्यावर एक राक्षस उठला होता. त्याची गदा भिंतीवर आदळत होती, आणि दर घावाला मुंगीच्या हातून हिरवा उजेड निघून भिंतीला लागत होता. लाल पट्टी उतरायची, पुन्हा भरायची. चष्मेवाल्याने फोन लावला.

पहिली रिंग गेली. मुंगी जागच्या जागी थिजली.

दुसरी. हिरवा उजेड थांबला. लाल पट्टी अर्ध्यावर आली, पावावर आली. खाली कुणीतरी लिहिलं, मुंगी कुठे गेली?

“ठेव!” आई ओरडली. “ठेव तिचा फोन! मरतेय मी इथे!”

त्याने फोन कापला. मुंगी हलली. हिरवा उजेड धो धो आला, पट्टी भरली, आणि थोड्या वेळाने राक्षस आडवा झाला. खाली सगळ्यांनी आनंदाच्या ओळी लिहिल्या.

“तिचा म्हणालीस,” तो कसाबसा म्हणाला. “तुला माहीत आहे?”

आई पडद्याकडेच बघत राहिली.

“किती दिवस?”

“होईल दीड वर्ष. आधी मुंगी म्हणजे मुंगीच होती मला. मग एकदा लुटीत एक हत्यारांची पेटी निघाली. मोडकी, कुणाच्या उपयोगाची नाही. सगळे म्हणाले, टाकून द्या. तर हिने लिहिलं, जुनं सामान टाकू नका, ते कुणाचं तरी असतं.” आईने दोन बटणं दाबली, आणि तिच्या पिशवीतले कप्पे पडद्यावर उघडले. एका कप्प्यात ती पेटी होती. “जागा अडते हिच्यामुळे. ढाल ठेवता येत नाही दुसरी.”

“मग बोलली का नाहीस तिच्याशी?”

“तिला ठाऊक नाही रे मी कोण ते. कळलं तर जाईल निघून. तुझ्या घरी आले तर तिला माझ्याशी बोलावं लागेल, तुझ्यासाठी. इथे ती आपणहून बोलते.” तिने पिशवी बंद केली. “लोकांना चष्मे विकतोस, एवढं नाही दिसलं तुला? तुझ्या घराला घाबरत नाही मी. हे जाईल म्हणून घाबरते.”

फोन वाजला. बायको.

“काय रे, फोन केलास?”

“हो. म्हणजे, सहज.” तो खिडकीपाशी गेला. “काय करत होतीस?”

“काम.” मग तिने विचारलं, “हात फार दुखतोय का त्यांचा? उजवाच ना?”

त्याने अजून तिला काहीच सांगितलं नव्हतं. पडल्याचं नाही, प्लास्टरचं नाही. त्याने खिडकीचा गज धरला.

“तुला कुणी सांगितलं?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“चार दिवस त्या एका हाताने, पुढे राहून मार खातायत, आणि...” ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडलं. “त्यांना यातलं काही बोलू नकोस. मागची खोली रिकामी करते मी. येताना कॉम्प्युटर आण त्यांचा. आधी तो आण.”

फोन बंद झाला. आई पाठमोरी, मान ताठ धरून बसली होती.

“काय म्हणाली?”

तो खिडकीपासून वळला.

“मागची खोली रिकामी करतेय,” तो म्हणाला. “कॉम्प्युटर आधी आण म्हणाली.”

आई वळली नाही. तिची बोटं बटणांवर तशीच राहिली.

पडद्यावर बाकीचे सगळे पुढच्या वेशीतून आत गेले होते. या खेपेला मुंगी वळली नव्हती, दाराला हातही लावत नव्हती. दार सताड उघडं होतं, आणि भिंत आत यायची वाट बघत ती उंबऱ्यावर उभी होती.