माहेनूरने टीम का सोडली

माहेनूर शेख पहिल्यांदा मैदानावर आली त्या सकाळीच ती तृप्तीच्या डोक्यात गेली, आणि पुढे दीड वर्ष तिथून उतरली नाही.

तृप्ती पाचवीपासून पिचर. नाशिक रोडच्या त्यांच्या शाळेत मुलींची सॉफ्टबॉलची टीम निघाली ती तिच्याच वर्गापासून. वडील प्रेसमध्ये पहिल्या पाळीला जाताना तिला स्कूटरवरून मैदानाच्या गेटाशी सोडायचे. सहावीत सोळाजणी होत्या, नववीपर्यंत अकराच उरल्या. कुणाला क्लास लागला, कुणाची आई म्हणाली उन्हात रंग जातो, कुणी पाळी सुरू झाल्यावर पांढऱ्या पँटला घाबरून यायचीच बंद झाली. टीमचे कोच वाघचौरे सर रजिस्टरमध्ये प्रत्येकीच्या नावापुढे एकच लिहायचे: ‘घरगुती अडचण’. तृप्तीला या मुलींची जराही दया यायची नाही. नाटकं सगळी, म्हणायची. ज्यांना खेळायचंय त्या खेळतात.

तिला स्वतःला का खेळायचं होतं, तर मैदानाच्या मधोमध पिचरच्या गोलात ती उभी राहायची आणि तिने हात फिरवेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. घरी दोन भावांच्या गोंगाटात तिचं कुणी ऐकत नसे. इथे सगळे तिच्या हाताकडे बघत थांबायचे.

दोन हजार सालच्या जूनमध्ये देवळाली गावातून माहेनूर नववीत आली. अंगाने बारीक, पण खांद्यात जोर. सरांनी सहज तिच्या हातात चेंडू दिला. तिने खालून हात फिरवून तो असा काही सोडला की कॅचरच्या ग्लव्हचा आवाज पार वर्गाच्या खिडक्यांपर्यंत गेला.

तीन महिन्यांनी सर सगळ्यांसमोर म्हणाले, “तृप्ती, उद्यापासून तू कॅचिंग कर. तुझा हात पक्का आहे. माहेनूरचा स्पीड तुझ्याशिवाय कुणाला झेपायचा नाही.”

हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. तृप्तीने लोखंडी जाळीचा मास्क तोंडावर चढवला, म्हणून तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.

तेव्हापासून ती माहेनूरला चेंडू परत देताना मुद्दाम पायाशी टाकायची. वाकू दे. पाण्याच्या वेळी तिच्याशेजारी बसायची नाही. आणि मग एक दिवस तिला कळलं की याहून सोपं काहीतरी तिच्या हातात आहे. सरळ आलेला चेंडू ग्लव्हच्या कडेला लागू द्यायचा, मागे जाऊ द्यायचा. सर लांबून ओरडायचे, “लाइन, माहेनूर, लाइन! कुठे टाकतेस?” माहेनूर पुढच्या चेंडूसाठी हात पुढे करायची. दहा चेंडूंत एखादाच. रोज नाही. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

एकदा नळावर माहेनूरने तिला गाठलं.

“तू मुद्दाम सोडतेस.”

“तू नीट टाक.”

“मी नीटच टाकते. अब्बांनी दुकानात लोखंडी चौकट वेल्ड करून दिलीये, बरोबर स्ट्राइकच्या मापाची. शंभरातले नव्वद आत जातात.”

“मग चौकटीलाच टाक ना,” तृप्ती म्हणाली. “इथे कशाला येतेस?”

माहेनूरने नळ बंद केला आणि ती निघून गेली. सरांकडे गेली नाही. तृप्तीला याचाही राग आला. चुगली केली असती तर उघड भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या वर्षी, दहावीत, शाळा जिल्ह्याच्या फायनलला पोचली. जिंकलं तर विभागीय स्पर्धा, तिथून राज्य. शेवटची इनिंग, दोन्हीकडे तीन-तीन रन. समोरच्या टीमच्या दोघी आउट झाल्या होत्या, तिसरी मुलगी थर्ड बेसवर पळायच्या तयारीत, आणि बॅटिंगला आलेलीचे दोन स्ट्राइक झालेले. आणखी एक स्ट्राइक, आणि तो कॅचरने पकडला, की मॅच जास्तीच्या इनिंगमध्ये जाणार. मुस्तकीमभाई, माहेनूरचे वडील, ग्रिलचं दुकान बंद ठेवून आले होते. कुंपणाच्या तारेला धरून ओरडत होते, “शाब्बास बेटा! एकच, एकच!”

सगळं मैदान ‘माहेनूर, माहेनूर’ करत होतं. आपल्या शाळेच्या मुली, शिपाई, दुसऱ्या शाळांच्या बाई. तृप्ती मास्कच्या जाळीतून ते बघत होती. तिने आधीपासून काही ठरवलं नव्हतं, हे खरं. पण चेंडू सुटला, गुडघ्याच्या उंचीला, अगदी मधोमध आला, बॅट वरून फिरून गेली, आणि तृप्तीने ग्लव्ह एक क्षण मागे ठेवला. तेवढाच. चेंडू तिच्या मनगटाला घासून मागच्या जाळीवर आदळला. ती उठून धावेपर्यंत थर्डवरची मुलगी धूळ उडवत होम बेसवर आली होती.

मॅच गेली.

वाघचौरे सर लांबून आले ते थेट माहेनूरवर. “शेवटच्या बॉलला वाइल्ड? इतकी वर्षं राबलो मी ह्या दिवसासाठी! डोकं कुठे होतं तुझं?” सगळ्यांसमोर. समोरची टीम नाचत होती तरी त्यांचा आवाज ऐकू येत होता. माहेनूरने एकदाच तृप्तीकडे बघितलं. रडली नाही. ग्लव्ह काढून तिने किटच्या पिशवीत नीट ठेवला आणि अब्बांच्या सायकलवर मागे बसून निघून गेली.

सोमवारी ती प्रॅक्टिसला आली नाही. मंगळवारी नाही. आठवड्याने सरांनी रजिस्टर उघडलं.

“घरच्यांनी बंद केलं असणार,” शॉर्टस्टॉपला खेळणारी मोहिनी म्हणाली. “त्यांच्यात मोठ्या मुलींना खेळायला कुठे पाठवतात?”

“हो ना,” सर म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं.

तृप्ती शेजारीच उभी होती. दुसऱ्या दिवशी चेंडू परत तिच्या हातात आला, गोल परत तिचा झाला.

पंधरा दिवसांनी मुस्तकीमभाई मैदानावर आले. सर नव्हते. ते सरळ तृप्तीकडे आले, सायकल तशीच हातात धरून.

“बेटा, तू तिची कॅचर ना? तुला माहिती असेल. काय झालं? घरी बोलत नाही. चौकटीवर कपडे वाळत घालते आता. मी म्हटलं, एक मॅच हरली तर काय झालं, मैं बात करता हूं सर से. तर म्हणते, अब्बा, तुम्ही गेलात तर मी शाळासुद्धा सोडीन.” त्यांनी रुमालाने मान पुसली. “माझं काही चुकलं का? लई ओरडलो का मी त्या दिवशी?”

“मला नाही माहीत, काका,” तृप्ती म्हणाली.

ते तिला ‘थँक्यू’ म्हणून गेले.

त्या थँक्यूने तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते मारतील, निदान टीममधून काढतील. सरांनी आधी आजूबाजूला बघितलं.

“कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मग बोलू नकोस. तुला काढलं तर पिचिंग कोण करणार? तिच्या घरचं कारण लिहिलंय, तेच राहू दे. लोकांनाही ते पटतं.”

तृप्ती तिथून थेट देवळाली गावात गेली. दुकानामागच्या बोळात माहेनूर बादलीतून कपडे काढत होती. लोखंडी चौकट भिंतीला टेकवलेली, तिच्यावर ओढण्या.

“मी सरांना सांगितलं,” तृप्ती म्हणाली.

“बरं.”

“तू परत ये. मी पिचिंग सोडते. पाहिजे तर टीम सोडते.”

“आणि मग? सर मला सॉरी म्हणणार?” माहेनूरने ओढणी झटकली, पाणी तृप्तीच्या तोंडावर उडालं. “म्हणाले का ते काही?”

तृप्तीने तोंड पुसलं.

“तुला वाटतं मी हरले म्हणून रुसलेय. तू वर्षभर माझे बॉल सोडलेस. रात्री मी अब्बांना म्हणायचे, माझ्यातच काहीतरी चुकतंय. ते बिचारे चौकट दोन-दोन इंच हलवून बघायचे.” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुला माफ-बिफ करायला मला वेळ नाही. जा तू.”

“अब्बांना सांगू?”

“त्यांना मी सांगीन. तू माझ्या घरात यायचं नाही.”

तृप्ती गेली. टीम मात्र तिने सोडली नाही. सोडली असती तर कारण लिहावं लागलं असतं, आणि तेही खोटंच लिहिलं गेलं असतं. ती सरांचा द्वेष करत खेळत राहिली, स्वतःचाही.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या मॅचेस होत्या; तृप्ती आणि मोहिनी एकाच कॉलेजच्या टीममध्ये. समोरच्या टीमची पिचर वॉर्मअपला आली आणि तृप्तीने चेंडूच्या आवाजावरूनच मान वळवली. माहेनूर. शहरातल्या कॉलेजकडून. कुंपणापलीकडे मुस्तकीमभाई उभे होते. त्यांनी तृप्तीला बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ते बघून तिला समजलं की त्यांना कळलंय.

तृप्ती बॅटिंगला तीनदा आली, तिन्ही वेळा आउट झाली. मॅच संपल्यावर ओळीने हात मिळवताना माहेनूरने तिच्याही हाताला हात लावला, पण बघत होती ती पुढच्या मुलीकडे.

“अगं, ही खेळते अजून?” मोहिनी कुजबुजली. “घरच्यांनी बंद केलं होतं ना हिचं?”

“घरच्यांनी नाही,” तृप्ती म्हणाली. “मी.”

मोहिनी हसली. मग तृप्तीचा चेहरा बघून हसायची थांबली. तृप्तीने तिला फायनलचा शेवटचा बॉल सांगितला, त्याआधीचेही सांगितले, एकही लपवला नाही. मोहिनीने ग्लव्ह पिशवीत टाकला. “आपण सगळ्या राज्याला गेलो असतो,” एवढंच शेवटी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तृप्तीने तिच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. मोहिनी तिच्याजवळून पुढे गेली आणि नाशिक रोड येईपर्यंत दांड्याला धरून उभी राहिली.