बारा जणींची शांतता

"सूर थांबला की हात हलवायचा नाही. त्याला आत उतरू द्यायचं." पहाटेच्या प्रार्थनेला शेजारी बसवून आई मला हे सांगायची. चाळीस वर्षं मी ते पाळलं आणि माझ्यासोबत प्रार्थनेला बसणाऱ्या बायकांनाही तेच शिकवलं. त्याच शिकवणीनं गेल्या शनिवारी माझ्या लेकीचा घात व्हायची वेळ आली होती.

लेक दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि शनिवारी रात्री एका तळघरात सॅक्सोफोन वाजवते. तिथे जॅझ ऐकायला मिळतं. तिकीट बसच्या जाण्यायेण्याच्या भाड्याइतकंच, म्हणून पाळी संपवून रखवालदार येतात, नर्स येतात. तीन महिने ती इतरांच्या मागे मागे वाजवत होती. गेल्या शनिवारी पहिल्यांदाच तिला एकटीनं वाजवायला मिळणार होतं. बँडचे प्रमुख म्हणजे ड्रमवाले आजोबा. "लोकांनी उचलून धरलं तर जागा तुझी. नाहीतर दुसरा वाट बघतोय," असं त्यांनी रोखठोक सांगितलं होतं.

"आई, तू नऊला झोपतेस. येऊ नकोस उगाच," लेक म्हणाली.

"एक दिवस देव सांभाळून घेईल," मी म्हटलं आणि प्रार्थनेच्या अकरा जणींनाही सोबत घेऊन गेले.

खुर्च्या जेमतेम तीस. पुढच्या दोन रांगा आमच्याच झाल्या.

"अगं बाई, हा ड्रम की भांड्यांची मांडणी कोसळली?" आमच्यातली शिवणवाली कुजबुजली. मी डोळे वटारले.

मग लेक पुढे आली. सुरुवातीला सूर जरा चाचरला, पण नंतर असा मोकळा सुटला की अंगावर काटा आला. लहानपणी दम्यानं रात्र रात्र उशीला टेकून बसणारी ही पोर. एवढा श्वास आणला कुठून तिनं? तिचं वाजवणं थांबलं, मागे बँड हलकेच चालू राहिला.

आम्ही बाराही जणी डोळे मिटून, हात जोडून स्तब्ध. मागे दोनचार टाळ्या वाजल्या, पण पुढच्या रांगा गप्प बघून त्याही ओशाळल्या. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर लेकीचा चेहरा पार उतरलेला.

"काय हो बायांनो," आजोबा ड्रमच्या आडून म्हणाले, "आवडलं नाही, की कुणी गेलंय?"

मी उभी राहिले.

"आवडलं म्हणूनच गप्प बसलो!"

सगळं तळघर हसलं. "इथे आवडलं की मधेच टाळी वाजवतात, ताई," आजोबा म्हणाले.

"मग तिला पुन्हा वाजवू द्या. चुकलो आम्ही, ती नाही."

आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. आजोबांनी लेकीला मानेनंच खूण केली. तिनं पुन्हा वाजवलं, पण मघाचं नव्हे. काही वेगळंच होतं ते, धीट आणि जरा खट्याळसुद्धा. ती थांबली मात्र, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की उठून टाळ्या पिटणाऱ्या शिवणवालीला पदर ओढून खाली बसवावं लागलं.

"पुढच्या शनिवारपासून तालमीला सातला हजर," आजोबा तिला म्हणाले. "उशीर खपवून घेणार नाही."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मागच्या रांगेतल्या नर्सला मी सांगितलं, "माझी मुलगी आहे ती."

"तिसऱ्यांदा सांगताय, काकू," ती हसून म्हणाली.

परतताना बसमध्ये लेकीनं विचारलं, "पुन्हा येशील?"

"येईन. दर शनिवारी."

तोंडून शब्द गेला, तो माझा नेमच झाला.

आज शनिवार. बाकीच्या जणींना जमण्यासारखं नाही. लेक तालमीला केव्हाच गेली. दुपारी मी तासभर पडून घेतलं, जप संध्याकाळीच पूर्ण केला. आता शाल घेतली, दाराला कुलूप लावलं आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून जिना सावकाश उतरायला लागले.